पूर आला, मासा चढला

स्कॉटलंडमधल्या टे नदीवर सॅमन धरायचा हंगाम दरवर्षी 15 जानेवारीला उघडतो. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या शिवारात मात्र हंगामाला तारीख नसते. मृग निघतो, एक दांडगा पाऊस होतो, कोरडे पडलेले ओढे गढूळ पाण्यानं भरून तेरणा नदीकडे धावू लागतात आणि त्या धारेच्या उलट मासे निघतात. काल जिथं शेरडं चरत होती, तिथं आज घोट्याभर पाण्यात मासा उसळी मारतो. हेच चढणीचे मासे.

पण पूर आल्याचं माशाला कळतं कसं? आणि कळल्यावर तो जीव धोक्यात घालून उथळ पाण्यात का येतो?

आधी सॅमनकडे बघू. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परततो. तो पाण्याच्या वासावरून घर ओळखतो, हे आर्थर हॅसलर या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1950च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. तसा प्रवासी आपल्या पाण्यातही आहे, फक्त दूरच्या टोकाला. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला. त्याच गोदावरीत, आंध्रात, समुद्रातला पुलसा मासा ऐन पुरात वर चढतो. धवळेश्वरमला ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटननं 1852मध्ये पूर्ण केलेल्या बंधाऱ्याच्या जागी आज उभा असलेला बंधारा त्याची वाट अडवतो. सास्तूरला पडलेल्या पावसाचं जे पाणी धरणांतून सुटून खाली पोचतं, तेही त्याच पुरात मिसळतं.

आपला राहू समुद्र बघत नाही. त्याचा प्रवास छोटा, पण कारण तेच. नव्यानं बुडालेल्या काठावर मोठे शिकारी मासे कमी आणि पिलांना लागणारे सूक्ष्मजीव थोड्याच दिवसांत भरपूर होतात. किलोभराच्या मादीच्या पोटात दोन-तीन लाख अंडी असतात. ती पाण्यात फुगतात, धारेबरोबर तरंगत राहतात आणि एका दिवसाच्या आत फुटतात. एवढी घाई असते, कारण पूर ओसरला की काठही कोरडा पडतो.

म्हणून मादी सगळं तयार ठेवून थांबते. उन्हाळ्यातच अंडी पिकत येतात. मग पाणी चढतं, गार होतं, गढुळतं, त्यातल्या क्षारांचं प्रमाण उतरतं. हे बदल मेंदूपर्यंत पोचले की मेंदूखालची पीयूष ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते आणि अंडी मोकळी होतात. तळ्याच्या साचल्या पाण्यात हा शेवटचा हुकूम सुटतच नाही. राहू, कटला, मृगळ तळ्यात पोसतात, अंड्यांनी भरतात, पण अंडी घालत नाहीत. मत्स्यशेतीचं घोडं कित्येक वर्षं इथंच अडलं होतं.

ते सुटलं 10 जुलै 1957 रोजी, ओडिशातल्या अंगुळ इथं. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून राहूसारख्या कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. जे काम पूर करायचा, ते एका सुईनं केलं! 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण आहे.

सास्तूरजवळ माकणीला तेरणेवर धरण आहे. अशा जलाशयांत मासे वाढवायला मत्स्यबीज केंद्रातून बीज आणतात. बोटुकली, म्हणजे बोटभर पिलं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून गाडीनं येतात. राहू, कटला, मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. दख्खनच्या पाण्यात त्यांना माणसानं आणलं. तिघांनी पाणीही वाटून घेतलंय. वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागाशी चरतो, राहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. गळाची दोरी किती खोल सोडायची, हे त्यावरून ठरतं.

मरळ या कुणाच्याच पंगतीत बसत नाही. ती पाण्यावर येऊन हवा घेते, त्यामुळं आटत्या डबक्यातही तग धरते. अंडी घालून निघूनही जात नाही. तांबूस पिलांच्या थव्याभोवती आईबाप पहारा देतात. पहाऱ्यावरची मरळ धरली, तर अख्खा थवा उघडा पडतो.

घराजवळच्या हंगामाची खरी गोम इथंच आहे. चढणीचा मासा काठीनंसुद्धा मारता येतो, कारण त्याचं सगळं लक्ष अंड्यांकडे असतं. राहू-कटल्याचं बीज विकत मिळतं. पण ओढ्यातल्या बारक्या देशी माशांचं बीज सहसा कुणी विकत आणून सोडत नाही. त्यांची पुढची पिढी या चढणीवरच उभी राहते. तेव्हा गळ परजायला मृगाचा मुहूर्त चांगला, पण पाण्यात टाकायला पूर ओसरून पाणी निवळेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं.