संगणक सुरू होत नाही तेव्हा...
दोषशोधाची सोपी व क्रमवार पद्धत

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, तहसील कचेरी असो वा माध्यमिक शाळा असो, तेथील कामकाजाचा मोठा भाग आज संगणकावर अवलंबून आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी, कर-आकारणी, जमाखर्च, विद्यार्थ्यांची माहिती ही सारी कामे त्यावरच होतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला आहे. अशा स्थितीत कार्यालयातील एकुलता एक संगणक सकाळी सुरूच झाला नाही, तर त्याची झळ केवळ कर्मचाऱ्यास लागत नाही. दाखल्यासाठी वाडीवस्तीवरून आलेल्या शेतमजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो आणि उद्या पुन्हा येण्याचा खर्च त्याच्या माथी बसतो.

अशा प्रसंगी सामान्यतः दोन चुका होतात. एक म्हणजे काहीही न तपासता दुरुस्ती करणाऱ्याला निरोप धाडून दोन-चार दिवस वाट पाहत बसणे. दुसरी त्याहून घातक, ती म्हणजे घाईने संगणक 'फॉरमॅट' करवून घेणे. पहिल्या चुकीने वेळ जातो, दुसरीने वर्षानुवर्षांचे दप्तर जाते. वस्तुतः संगणक सुरू न होण्याची अनेक कारणे साधी असतात व ती क्रमाने पाहिल्यास कोणाही जाणत्या कर्मचाऱ्यास अथवा शिक्षकास ओळखता येतात.

कळ दाबल्यावर काय घडते?

दोष शोधण्यापूर्वी संगणक सुरू होण्याचा क्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्या पेटीस आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो, तिच्यात एसएमपीएस नावाचा वीजपुरवठ्याचा भाग असतो. तो घरगुती २३० व्होल्ट विजेचे रूपांतर १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा कमी दाबाच्या विजेत करतो. ही वीज मदरबोर्डास मिळाली की त्यावरील 'बायोस' ही आज्ञावली जागी होते. नव्या यंत्रांत तिची जागा 'यूईएफआय'ने घेतली आहे. ती प्रथम प्रोसेसर, स्मृती म्हणजे रॅम, पडदा, कळफलक इत्यादींची तपासणी करते. त्यानंतरच हार्ड डिस्क अथवा एसएसडीवरील विंडोजसारखी कार्यप्रणाली रॅममध्ये आणली जाते. आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला, तेव्हाही आरंभी अशीच स्वयंतपासणी होत असे. यंत्रे कितीतरी बदलली. पण आधी वीज, मग तपासणी, मग कार्यप्रणाली हा मूळ क्रम कायम आहे.

यावरून एक उपयुक्त सूत्र निघते. संगणक या क्रमात कोठपर्यंत पोचून थांबला, हे पाहिले की दोष कोठे शोधावा हे कळते.

पहिली अवस्था : दिवा नाही, पंखाही नाही

कळ दाबूनही काहीच हालचाल होत नसेल तर दोष विजेच्या मार्गात आहे. भिंतीवरील सॉकेटात टेबललॅम्प लावून तेथे वीज येते की नाही हे पाहावे. वीज येत असल्यास तोच दिवा यूपीएसच्या सॉकेटात लावावा. तेथे तो न पेटल्यास दोष संगणकाचा नसून यूपीएसचा आहे. तात्पुरते काम भिंतीवरील सॉकेटावरून चालविता येईल. यूपीएसमधील बॅटरी काही वर्षांनी निकामी होतेच, तेव्हा ती बसविल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

त्यानंतर पेटीच्या मागील बाजूस वायर घट्ट बसली आहे का, एसएमपीएसवरील लहान बटण चालू आहे का, हे पाहावे. दुसऱ्या संगणकाची वायर लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय. तरीही प्रतिसाद न मिळाल्यास वायर काढून घ्यावी, पेटीची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी आणि मग वायर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. आत साठून राहिलेली वीज निघून गेल्यावर कित्येकदा यंत्र पूर्ववत चालते.

इतके करूनही यश न आल्यास एसएमपीएस, मदरबोर्ड अथवा पेटीची कळ बिघडली असण्याचा संभव असतो. येथे तंत्रज्ञास बोलवावे. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरांत धोकादायक वीज काही काळ राहू शकते.

दुसरी अवस्था : पंखा फिरतो, पण पडदा काळा

वीज पोचते, परंतु स्वयंतपासणी पुरी होत नाही किंवा तिचे दर्शन पडद्यावर होत नाही, असा याचा अर्थ. प्रथम मॉनिटर चालू आहे ना, त्याची केबल दोन्ही टोकांस पक्की आहे ना, हे पाहावे. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्यालाच जोडलेली असावी लागते. साफसफाईच्या वेळी ती चुकून मदरबोर्डाच्या जागेत लावली जाते आणि मग चांगला संगणक बिघडल्याचा समज होतो.

केबल योग्य असल्यास 'बीप' असा आवाज येतो का, हे लक्षपूर्वक ऐकावे. काही यंत्रे आवाजाऐवजी लहान दिवे लुकलुकवून दोष सांगतात. या खुणांचा अर्थ प्रत्येक उत्पादकाप्रमाणे बदलतो; म्हणून आवाज किती व कसे आले याची नोंद करून माहितीपुस्तिकेत पाहावे. अशा खुणांमागे रॅम नीट न बसणे हे वारंवार आढळणारे कारण होय. धूळ, दमट हवा व वाहतुकीतील हादरे यांमुळे तिचा संपर्क ढिला होतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात हा अनुभव विशेष येतो.

रॅम पुन्हा बसविण्यासाठी वायर काढावी, पेटी उघडावी, आतील उघड्या धातूच्या सांगाड्यास हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् उतरवावी आणि मग रॅमच्या पट्टीच्या टोकाकडील खिट्टी मोकळी करून पट्टी सरळ वर काढावी. सोनेरी कड कोरड्या, स्वच्छ, मऊ कापडाने हलकेच पुसावी. पट्टीवरील खाच जागेवरील उंचवट्याशी जुळवून खिट्टीचा आवाज होईपर्यंत ती दाबून बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. एकीने संगणक सुरू झाला व दुसरीने थांबला, तर दोषी पट्टी हाती लागलीच.

तिसरी अवस्था : अक्षरे दिसतात, पण विंडोज येत नाही

कंपनीचे नाव पडद्यावर दिसले म्हणजे बहुधा वीज, रॅम व पडदा ठीक आहेत. सुरू होण्यासाठी डिस्क सापडली नाही अशा आशयाचा संदेश आल्यास आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढावा. संगणक कधी कधी त्यातच कार्यप्रणाली शोधत बसतो. त्यानंतर बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत नसल्यास डिस्कची केबल सैल असेल वा डिस्कच निकामी झाली असेल. हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असल्यास संगणक तत्काळ बंद करावा. प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर तिच्यावरील माहिती परत मिळण्याची आशा कमी होत जाते.

डिस्क दिसते, पण विंडोज अर्ध्यावर थांबते, असे असेल तर काही अयशस्वी प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातील 'स्टार्टअप रिपेअर' हा पर्याय आधी वापरावा. तो न साधल्यास 'सेफ मोड'मध्ये संगणक सुरू करून नुकतीच बसविलेली आज्ञावली काढून टाकावी. 'रीसेट'चा पर्याय मात्र माहितीची प्रत अन्यत्र घेतल्याशिवाय निवडू नये. काही संगणकांवर 'बिटलॉकर'चे कुलूप असते. त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कार्यालयाच्या सुरक्षित दप्तरात असलीच पाहिजे. ती नसल्यास डिस्क चांगली असूनही दप्तर कायमचे बंद होऊ शकते.

आणखी दोन लक्षणे

संगणक सुरू होऊन काही मिनिटांत आपोआप बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला की स्वसंरक्षणासाठी यंत्र बंद होते. अशा वेळी वायर काढून, पेटी बाहेर मोकळ्या हवेत नेऊन, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवावी.

दररोज सकाळी तारीख मागे गेलेली दिसत असेल तर मदरबोर्डावरील नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला आहे. हा सेल बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाचा असतो. हा दोष क्षुल्लक वाटला तरी त्याचे परिणाम लांबवर पोचतात. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे ठराविक तारखांदरम्यानच वैध असतात. संगणकाची तारीख चुकली की शासकीय पोर्टलही असुरक्षित ठरवून उघडण्याचे नाकारले जाते. दोष इंटरनेटला दिला जातो, खरा दोष मात्र त्या लहानशा सेलचा असतो.

उपायापेक्षा दक्षता बरी

पेटीस हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग सदोष आहे असे समजावे व वायरमनकडून ते तपासून घ्यावे. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या सॉकेटात कधीही लावू नये. मेघगर्जनेच्या वेळी संगणकाची व इंटरनेटची अशा दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात. निकामी सुटे भाग भंगारात देऊ नयेत. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून, त्यांनुसार असे भाग नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जाणे अभिप्रेत आहे.

प्रत्येक संगणकाजवळ एक नोंदवही असावी. बिघाडाची तारीख, दिसलेले लक्षण, पडद्यावरील संदेश, केलेला उपाय व बदललेला भाग यांची नोंद तिच्यात व्हावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या उपायाने गुण आला हे निश्चित कळते. ही वही हाती असल्यास येणाऱ्या तंत्रज्ञाचा वेळ वाचतो व अनावश्यक भाग बदलण्याचा खर्च टळतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर हा नियम पाळला जावा. प्रत अर्थातच नियमांनी मान्य केलेल्या सुरक्षित ठिकाणी असावी आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहिले जावे. मदरबोर्ड बाजारात नवा मिळतो, रॅमही मिळते. गावाची नोंद एकदा पुसली गेली तर ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.