फटफटीवरून दिसलेलं शिवार



मागच्या महिन्यात फाट्यावरच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारी एक ओळखीचे काका बसले होते. ते म्हणाले, "साहेब, तुमचं बरं हाय. दिवसभर गाडीवर फिरायचं, हवा खायची, अन् महिन्याच्या महिन्याला पगार!" मी हसलो, चहाचे पैसे दिले आणि निघालो. पण पुढचे चौदा किलोमीटर ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आज फवारणीचं वेळापत्रक वगैरे न देता या फिरण्याबद्दलच चार शब्द लिहितो. वेळापत्रक पुढच्या वेळी, काळजी नसावी.

माझ्याकडे सहा गावं आहेत. कृषी सहायकाला स्वतःचं असं कार्यालय फारसं नसतं, हे आपणास ठाऊक आहेच. ग्रामपंचायतीत एखादी खुर्ची मिळाली तर मिळाली, नाहीतर देवळाचा ओटा आहेच. खरं कार्यालय म्हणजे गाडीला अडकवलेली पिशवी. तिच्यात पंचनाम्याचे कागद, कामगंध सापळ्यांच्या गोळ्या, एक भिंग, मोबाइल गुंडाळायला प्लॅस्टिकची थैली आणि बायकोने दिलेला डबा. कागदाला पिठल्याचा वास आला तर वरचे साहेब विचारतात, हे काय? काय सांगणार!

उन्हाळ्यात सहा गावं जवळजवळ वाटतात. पावसाळा लागला की तीच लांब होतात. आपली काळी माती पऱ्हाटीला माय आहे, पण फटफटीची वैरीण आहे. पांदण रस्त्यावर शंभर पावलं गेलं नाही तोच चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल असा ठासतो की चाक फिरत नाही. मग उतरायचं, काडीने चिखल कोरायचा, वीस पावलं ढकलायचं, पुन्हा कोरायचा. सोबत कुणी असतं तर दोघं हसलो असतो. एकट्याला हसूही येत नाही आणि रागावणार कुणावर? पहिल्या वर्षी मी मातीवर रागावत असे. आता पिशवीत एक लोखंडी पट्टी ठेवतो.

एकटं फिरणारा माणूस बोलायला लागतो, हे मी अनुभवाने सांगतो. शेतीशाळेत जे सांगायचं ते मी हेल्मेटच्या आत दोन वेळा बोलून घेतो. एकदा गाडी उभी करून बीजप्रक्रियेचं भाषण मोठ्याने म्हणत होतो, तर धुऱ्यावरून एका मावशीने विचारलं, "कोनासंग भांडून राह्यले बाप्पा?" त्या दिवशी भाषण फार चांगलं झालं, एवढं खरं.

मुक्कामाचा प्रसंगही येतो. नोकरीच्या सुरुवातीला गाडी नव्हती, तेव्हा एसटीनेच जायचो. संध्याकाळची मुक्कामी गाडी गावात थांबली की ड्रायव्हर, कंडक्टर आणि मी असे तिघे एकाच ओट्यावर अंथरूण टाकायचो. ड्रायव्हरभाऊ झोपेतही वळणं घेत असत. पहाटे पाचला तीच गाडी परत निघायची, त्यामुळे उठवायला कोंबडा लागत नसे. जेवायला कुणाच्या तरी घरून हमखास बोलावणं येई. ज्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या वावरात यंदा काय आलं हे मला अजून पाठ आहे.

भीतीचं म्हणाल तर 2018 सालचा पावसाळा आणि दिवाळीपूर्वीचे दिवस आठवतात. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या वाघिणीचं ते वर्ष. 13 जणांचा बळी घेतल्याचा ठपका तिच्यावर होता. त्या बाजूची काही गावं तेव्हा माझ्याकडे होती. लोक निंदायला, फवारायला टोळीने जात. एक जण काम करी, दुसरा काठी घेऊन उभा राही. आणि मी एकटा, गाडीचं इंजिन चालू ठेवून पीक पाहणारा! पाच वाजले की गावकरी स्वतःच मला हाकलत, "निंघा साहेब आता." 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. ते बरोबर की चूक यावर पुष्कळ वाद झाला, त्यात मी पडत नाही. पण सूर्य कलला की पीक अर्धवट टाकून घर गाठायची घाई काय असते, हे मला त्या वर्षी कळलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

रस्त्यावरून शिवार पाहण्याची एक खोड लागते. गाडी चाळीसच्या वेगात, डावीकडे सोयाबीन, उजवीकडे पऱ्हाटी, आणि आपण मनात शेरे मारत जातो: हे पिवळं पडलं, हे बरं आहे, याने डवरणी उशिरा केली. पुष्कळदा शेरा बरोबर निघतो. पण गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत रस्त्याने माझा दगा केला आहे. शेत हिरवंगार, कमरेला लागणारी पऱ्हाटी, पाहणाऱ्याला वाटावं काय पीक आहे! अळी मात्र बोंडाच्या आत. ती बाहेरून दिसत नाही, छिद्रही बुजून जातं. ती पाहायची तर गाडी उभी करून वावरात शिरावं लागतं. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी शोधावी लागते, वीस हिरवी बोंडं तोडून फोडावी लागतात. वीसपैकी दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के, आणि तेव्हा हातपाय हलवायची वेळ झालेली असते. एकरी दोन कामगंध सापळे पेरणीनंतर दीड महिन्याने लावले आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तरी तोच इशारा समजावा. हे आपल्याला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं, तरी 2017 साली मी किती वावरं रस्त्यावरूनच 'बरी' ठरवली, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

त्याच 2017 सालचा सप्टेंबर. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्या हंगामात पऱ्हाटी फार उंच वाढली होती, माणसाच्या खांद्याला लागत होती. दुपारी दोनला तालुक्याच्या ठिकाणी बैठक होती आणि एक वाजून गेला होता. रस्त्याच्या कडेच्या वावरात एक जण फवारत होता. पाठीवर बॅटरीचा पंप, अंगात बंडी, तोंडावर काही नाही, पायात काही नाही. ऊन मी म्हणत होतं आणि वारा त्याच्याच तोंडाकडे. पऱ्हाटी उंच, म्हणजे नोझल वर करूनच फवारायचं, आणि ते तुषार परत अंगावर. मी हे सगळं पाहिलं. डिप्लोमाला हेच शिकलो होतो, परीक्षेत यावर गुणही घेतले होते. गाडी जरा हळू केली, त्याला हात दाखवला. त्यानेही हात दाखवला. मी पुढे गेलो. बैठकीला वेळेवर पोहोचलो. बैठकीत काय ठरलं ते आज आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी गावात गेलो तर पोलीस पाटील म्हणाले, अमक्याला दवाखान्यात नेलं, फवाऱ्याची बाधा झाली. मी तसाच गाडी वळवून गेलो. वॉर्डात त्याच्यासारखे बरेच होते. कुणाला दिसत नव्हतं, कुणाच्या तोंडाला लाळ, कुणी बडबडत होता. डॉक्टर त्याच्या घरच्यांना एकच विचारत होते, औषध कोणतं होतं? बायकोला नाव ठाऊक नव्हतं. दोन औषधं एकत्र केली होती एवढंच तिला माहीत होतं, आणि बाटल्या धुऱ्यावर फेकलेल्या. मी चाळीस मिनिटं गाडी हाणत परत त्या धुऱ्यावर गेलो, बाटल्या शोधल्या आणि घेऊन आलो. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले, हे आपण सर्वांनी वाचलेलं, काहींनी घरात पाहिलेलं आहे. हा मनुष्य वाचला. अकराव्या दिवशी घरी आला. पुढे महिनाभर त्याला धुरकट दिसत होतं.

घरी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर बसून होता. मला पाहून म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुम्ही हात दाखवला होता ना? म्या बी दाखवला." त्याच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता, साधी ओळख दिली त्याने. मी चहा घेतला आणि निघालो. परतीच्या रस्त्यावर हेल्मेटच्या आत काही बोललो नाही.

तेव्हापासून मी थांबतो. फवारणारा दिसला की गाडी स्टँडवर. बैठक असो की आणखी काही. यामुळे दोनदा खुलासा द्यावा लागला आहे, एकदा लेखी. लिहिलं, 'रस्त्यात काम निघाले.' खोटं काही नव्हतं. थांबून मी भाषण देत नाही, कारण पाठीवर सोळा लिटरचं ओझं असलेला माणूस भाषण ऐकत नाही. "भाऊ, जरा सावलीत या, पाणी घ्या," एवढंच म्हणतो. आधी हातपाय साबणाने धुवायला लावतो. मग बाटली मागतो. लेबलवरचा त्रिकोण पाहतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. एका पंपात दोन-तीन औषधं एकत्र केली असतील तर त्याला विचारतो, कुणी सांगितलं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: दुकानदाराने. उपाशी पोटी, भर दुपारी, वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका, नोझल तोंडाने फुंकू नका, एवढं बोलून होईस्तोवर वीस मिनिटं जातात. काही जण वैतागतात. एकाने तर सरळ विचारलं, "मजुरी तुम्ही देता काय या टायमाची?" त्याचंही चूक नाही. पंपावर बहुतेक मजूरच असतो, हातमोजे मालकाने द्यायचे असतात. मालकांनो, हे आपल्याला उद्देशून आहे.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनाही एक विनंती. बाधा झाली की गावात मिठाचं पाणी, ताक, लिंबू असले उपाय करण्यात तास जातो. विष श्वासातून, कातडीतून गेलेलं असतं, ताकाने ते निघत नाही. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, 108 ला फोन लावा आणि औषधाची बाटली सोबत द्या. फॉस्फरसवर्गीय औषधाला अ‍ॅट्रोपिन चालतं, सगळ्याच औषधांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टर बाटली मागतात. फवारणीच्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एवढं खडूने लिहून ठेवलं तरी पुष्कळ झालं. फळा रिकामाच असतो, मी पाहिला आहे.

तो मनुष्य आजही पऱ्हाटी लावतो. मागच्या हंगामात त्याच्या वावरापुढून जाताना त्यानेच हात करून गाडी थांबवली. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला दुपट्टा. वीस बोंडं तोडून खिशात भरून ठेवली होती. दोघांनी धुऱ्यावर बसून ती फोडली. अळी निघाली एकात. "चार दिवसांनी पुन्हा या," असं त्यानेच मला सांगितलं. हवा खायला म्हणा हवं तर, पण गेलो.

जाता जाता एक काम. माझं भिंग गेल्या बुधवारी त्याच पांदणीत, नाल्याच्या अलीकडे चिखल कोरताना कुठेतरी पडलं. काळी मूठ आहे, एका बाजूला दोरा बांधलेला आहे. कुणाला सापडल्यास कृपया ग्रामपंचायतीत शिपायाजवळ द्यावं. गुरुवारच्या शेतीशाळेला लागणार आहे.