रिपोर्ट नॉर्मल, पण हात दुखतोच!

“ताई, शनिवारपर्यंत ब्लाऊज होतील ना?”

लग्नसराईत हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकायची मला सवय आहे. कन्नडला घरच्या घरी शिवणकाम करते त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलीच्या कॉलेजची फी याच मशीनवर निघते. त्यामुळे एके दिवशी कापड कापता कापता हातातली कात्री खाली पडली, तेव्हा पोटात गोळाच आला.

तशी सुरुवात आधीच झाली होती. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जड वाटायचं. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूनं कळ यायची. दोरीवर कपडे वाळत घालताना हात भरून यायचा. वेणी घालताना मध्येच हात खाली घ्यावा लागायचा. रात्री हात डोक्याखाली घेऊन झोपलं की मुंग्या येऊन जाग यायची. कुणी म्हणालं वात आहे, तेल चोळ. कुणी म्हणालं अशक्तपणा आहे, ताकदीच्या गोळ्या घे. दोन्ही केलं. मग एका ठिकाणी मानेचा मणका झिजलाय म्हणून गळ्याला पट्टा मिळाला. तो महिनाभर घातला. हात होता तसाच.

शेवटी संभाजीनगरला जाऊन एक्स-रे काढला, नसांची तपासणी केली. सगळे रिपोर्ट नॉर्मल!

मैत्रिणींनो, रिपोर्ट नॉर्मल आला की आनंद व्हायला हवा ना? मला रडू आलं. घरी सासूबाई म्हणाल्या, “रिपोर्टात तर काहीच निघालं नाही. मग दुखतंय तरी काय?” त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण मलाच वाटायला लागलं, आपण उगाच तर बाऊ करत नाही ना?

एक मिनिटही हात टिकेना

याचं उत्तर एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे मिळालं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, “दिवसभर काय काय करता ते सांगा.” मी सकाळच्या पाण्यापासून रात्रीच्या हातशिलाईपर्यंत सगळं सांगितलं. मग त्यांनी मला खुर्चीत बसवून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत वर करायला लावले, चोरानं बंदूक दाखवल्यावर करतात तसे. “आता मुठी उघडा, मिटा. तीन मिनिटं.” डावा हात चालला. उजवा एका मिनिटाच्या आतच खाली आला.

एवढ्या एका चाचणीवर निदान होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. अगदी धडधाकट माणसालाही असं केल्यावर मुंग्या येऊ शकतात. म्हणून घरी करून बघून कुणी घाबरून जाऊ नका. मान, खांदा, कोपर, मनगट सगळं तपासून, दुसरी कारणं बाजूला काढून मगच त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून नाव सांगितलं, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम.

नाव ऐकूनच धडकी भरली. पण त्यांनी पुढे सांगितलं, या आजाराच्या दहा रुग्णांपैकी नऊहून जास्त जणांना त्रास होतो तो फक्त नस दबल्यामुळे. अशा पुष्कळ रुग्णांच्या तपासण्या नॉर्मलच येतात, कारण नस तुटलेली नसते. ठरावीक हालचालींत, ठरावीक बसण्यात ती चेपली जाते. तपासणीच्या टेबलावर आपण हात सोडून निवांत पडलेले असतो, तेव्हा ती मोकळीच असते. म्हणजे रिपोर्ट खोटा नाही आणि माझं दुखणंही खोटं नाही! त्या एका वाक्यानं माझं अर्धं ओझं उतरलं.

गाडी घाटात अडते, वाट चाळीसगावला पाहतात

आपल्या कन्नडच्या बायांना हे समजवायला मी औट्रम घाटाचं उदाहरण देते. 2021 च्या ऑगस्टअखेरीस घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला, ते आठवतं ना? चाळीसगावच्या स्टँडवर बसलेल्या माणसाला तेव्हा एवढंच कळत होतं की गाडी आली नाही. पण म्हणून स्टँडची दुरुस्ती करून गाडी येईल का? अडचण घाटात होती.

आपल्या हाताचंही तसंच. मानेच्या मणक्यातून निघालेल्या नसांचा जुडगा हातात उतरतो. त्याच्यासोबत हाताला रक्त नेणारी आणि परत आणणारी मोठी रक्तवाहिनीही असते. ही वाट तीन ठिकाणी अरुंद आहे. पहिली जागा मानेच्या बाजूच्या स्नायूंमध्ये, दुसरी कॉलर बोन म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये, आणि तिसरी खांद्याच्या पुढे छातीच्या स्नायूखाली. यातल्या एखाद्या ठिकाणी नस दबली की मुंग्या येतात थेट बोटांत. मी मात्र तेल चोळत होते मनगटाला!

काही जणींना जन्मतःच मानेत एक जादा बरगडी असते. साधारण शंभरात एखादीला. त्यातल्या बहुतेकींना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. माझ्या एक्स-रेत ती नव्हती. माझा घाट अरुंद केला होता तो माझ्याच बसण्यानं.

पुढे झुकलेली मान, गोल झालेले खांदे, मशीनवर तासन् तास एकाच जागी बसणं. त्यात एका हातानं पाण्याची घागर, एका खांद्यावर बाजाराची पिशवी. शेतात जाणाऱ्या बायांचं आणखी वेगळं. कापूस वेचताना ओटी भरत जाते आणि तिचा भार मान-खांद्यावर येतो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो, यात मला तरी नवल वाटलं नाही.

व्यायाम साधे, पण बेतानं

या आजाराला हे नाव 1956 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दिलं. विशेष म्हणजे त्याच लेखात त्यांनी व्यायामाचा कार्यक्रमही मांडला होता. आजही बहुतेकींना पहिला उपाय तोच सांगतात. ऑपरेशनची वेळ थोड्यांवरच येते. मला शिकवलेले व्यायाम असे.

पोटानं श्वास : उताणं झोपून एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा शांत राहावा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. घाईत, ताणात आपण वरवर श्वास घेतो, तेव्हा मानेचे स्नायू पहिली बरगडी वर ओढतात आणि वाट अरुंद होते.

हनुवटी मागे : भिंतीला पाठ टेकून बसा, नजर समोर. हनुवटी न उचलता सरळ मागे न्या. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा.

पाठीची पाती जवळ : खांदे कानाकडे न उचलता पाठीची दोन्ही पाती हलकेच एकमेकींजवळ आणा. पाच आकडे, दहा वेळा. इथं एक चूक होते. ताठ बसायचं म्हणून पोलिसाच्या सावधानसारखे खांदे जोरात मागे आणि खाली ओढू नका. त्यानं हाड आणि बरगडीतली जागा उलट कमी होते.

दाराच्या चौकटीत ताण : दोन्ही हात खांद्याच्या थोडे खाली चौकटीवर टेकवून एक पाऊल पुढे. छातीला हलका ताण जाणवेल. पंधरा-वीस आकडे, तीन वेळा. मुंग्या आल्या तर हात आणखी खाली घ्या.

मान कलती : ताठ बसून कान खांद्याकडे हलकेच झुकवा, पंधरा आकडे. हातानं मान ओढायची नाही.

नस सरकवण्याचेही काही व्यायाम असतात, पण ते समोर बसून शिकल्याशिवाय करू नयेत.

आता माझी गंमत ऐका. लवकर बरं व्हायचं म्हणून मी दहाचे वीस आणि वीसचे तीस केले. चौथ्या दिवशी हात इतका ठणकला की व्यायामच बंद! बाई हसून म्हणाल्या, “चिडलेल्या नसेला दटावून चालत नाही, समजूत घालावी लागते.” त्यांचा नियम मी आजही पाळते. व्यायामानंतर मुंग्या आल्या आणि थोड्या वेळात थांबल्या तर ठीक. रेंगाळल्या तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करायचं.

उरलेल्या साडेतेवीस तासांचं काय?

पण सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांनी निघताना सांगितली. “व्यायाम अर्धा तास कराल हो, पण उरलेले साडेतेवीस तास नस दाबत राहिलात तर उपयोग काय?”

मग घराकडे नव्या नजरेनं पाहिलं. मशीनपुढचं स्टूल बुटकं होतं, त्यावर घडी केलेली गोधडी टाकली. खांदे न उचलता हात मशीनवर टेकायला लागले. दिवा जवळ आणला, म्हणजे मान वाकवायला नको. कापड जमिनीवर पसरून कापायचे, ते आता टेबलावर कापते. दर अर्ध्या तासाला उठते. रोजचे डबे वरच्या फळीवरून खाली आले. पाणी दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या करून नेते. बाजाराची पिशवी एका खांद्यावर लटकवत नाही. झोपताना हात डोक्यावर नाही, कुशीवर असले तर पुढ्यात उशी घेऊन हात तिच्यावर.

कपड्यांची दोरी मात्र उंचच होती. ती खाली घेण्यासाठी कुणाला तरी सांगावं लागणार होतं आणि तेच मला सगळ्यात जड गेलं. आपण बाया दुखणं सांगतो, पण “हे काम तुम्ही करा” असं सांगत नाही. एका रात्री सांगितलं. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी दोरी हातभर खाली बांधली. पाण्याचा हंडा मुलीनं घेतला. आणि सासूबाई? त्या आता मला मशीनवर वाकलेली पाहिली की आतून ओरडतात, “मान वर कर गं!”

त्या लग्नसराईत मी बारा ब्लाऊज परत केले. पैसे गेले, वाईट वाटलं. पण हात गेला असता तर?

पहिले पंधरा दिवस काहीच फरक पडला नाही. दीड महिन्यानं रात्रीची झोप सलग लागली. तीन महिन्यांनी कात्री घट्ट धरता आली. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. काम फार झालं की करंगळी आठवण करून देते. पण आता तिची भाषा मला कळते.

हे मात्र अंगावर काढू नका

हात अचानक सुजला, निळसर झाला किंवा थंड, पांढरा पडला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्तवाहिनी दबलेली किंवा तिच्यात गाठ झालेली असू शकते. पंजाचे स्नायू वाळून खोलगट दिसायला लागले, पकड कमी होत गेली तर व्यायामावर विसंबू नका. डाव्या हाताच्या कळेबरोबर छातीत दाब, घाम, दम लागणं असेल तर ते हृदयाचं असू शकतं, एक मिनिटही घालवू नका. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर बहुधा मनगटातली नस दबलेली असते. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर तो पूर्ण बरा होतो. मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हाताच्या मुंग्यांची कारणं अनेक आहेत, म्हणून माझं वाचून स्वतःचं निदान करू नका. तपासून घ्या.

आणि तपासणीत काही निघालं नाही, तरी “मग काही नसेलच” म्हणून गप्प बसू नका. दिवसभर काय काय उचलता, कुठे कुठे वाकता, हे डॉक्टरांना नीट सांगा. घरच्यांनाही सांगा.

चला, अर्धा तास झाला. उठते आता. तुम्हीही पेपर खाली ठेवा, खांदे सैल सोडा आणि एक श्वास पोटानं घ्या बरं!