सरड्यासाठी झुरळं पाळताना

अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता कुठे कुठे मुलांच्या हट्टापायी बिअर्डेड ड्रॅगन किंवा लेपर्ड गेको आलेला दिसतो. पहिला ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला दाढीवाला सरडा. दुसरी अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या खडकाळ मुलखातली ठिपक्यांची पाल. (तिची चुलत बहीण महाराष्ट्र-गुजरातच्या झुडपी रानात राहते. ती पूर्ण बिनविषारी आहे आणि तिला तिथेच राहू द्यावं.) दोघांनाही जिवंत किडे लागतात, आणि दुकानदार पहिल्या दिवशी हातात देतो ती रातकिड्यांची डबी.

खाद्य म्हणून रातकिडा वाईट नाही. वैताग येतो तो घरातल्या माणसांना. वयात आलेले नर रात्रभर किरकिरतात, निसटले की फ्रिजमागे जाऊन किरकिरतात, पाण्याच्या वाटीत बुडून मरतात, आणि मेलेल्यांचा वास खोलीभर पसरतो. पिंजऱ्यात न खाल्लेला एखादा राहून गेला, तर तो झोपलेल्या पालीची बोटं कुरतडायलाही कमी करत नाही. त्यातून आयुष्य जेमतेम दोन-तीन महिन्यांचं. म्हणजे मोठे रातकिडे आणावेत आणि आठ-पंधरा दिवसांत निम्मे फेकून द्यावेत.

२००९-१० च्या सुमारास अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या फार्मवर एका विषाणूची साथ आली. युरोपातल्या फार्मना तिचा फटका त्याआधीच बसला होता. पुरवठा आटला तसे बरेच सरडेपाळे दुसऱ्या किड्याच्या शोधाला लागले, आणि झुरळांना भाव आला.

इथे भारतातून मुक्कामाला आलेल्या आजींची प्रतिक्रिया ठरलेली: “झुरळं मारायला औषध आणतात गं बाई, तुम्ही विकत कसली आणताय?” शंका रास्त आहे, म्हणून आधी झुरळ कोणतं ते पाहू.

खाद्य म्हणून सर्वांत जास्त चालतं ते ‘डुबिया’ झुरळ. मूळचं दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पूर्ण वाढल्यावर चार सेंटिमीटरच्या आसपास, रंगाने काळपट तपकिरी, चालीने संथ. त्याला काचेवर किंवा गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही. नराला लांब पंख असतात, पण तो फार तर उंचावरून तरंगत खाली येतो. मादीला पंखांच्या जागी खांद्यापाशी नुसती खुंटं असतात. शिवाय प्रजननासाठी त्याला सतत चांगली ऊब लागते. त्यामुळे एखादं निसटलं तरी थंड, कोरड्या घरात त्याची वसाहत होण्याची शक्यता फार कमी.

हेच ‘तुर्कस्तानी’ झुरळाबद्दल म्हणता येत नाही. दुकानात ते ‘रेड रनर’ नावाने मिळतं. ते चपळ असतं, अंड्यांच्या कुप्या इथेतिथे टाकतं, आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ते घराबाहेर राजरोस स्थिरावलं आहे. सरड्यांना त्याची धावपळ आवडते हे खरं, पण नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्वयंपाकघरातलं झुरळ सरड्याला कधीही घालू नये. त्याने कुठलं विष चाटलंय, त्याच्या पोटात कसले जंत आहेत, काही कळायला मार्ग नसतो. अंगणातले किडेही तसेच. उन्हाळ्याच्या संध्याकाळी मुलं काजवे पकडतात. त्यातला एक काजवासुद्धा बिअर्डेड ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो. घरातल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

मागणी नोंदवण्याआधी आपल्या गावचा कायदा पाहावा. फ्लोरिडात डुबिया ठेवायला बंदी आहे, आणि तिथले लोक ‘डिस्कॉइड’ नावाचं दिसायला जवळपास तसंच झुरळ वापरतात. कॅनडातही डुबिया चालत नाही. ऑस्ट्रेलियात तर तो परका किडा. तिथे ‘वूडी’ म्हणून ओळखलं जाणारं झुरळ मिळतं, पण ते काचेवर सहज चढतं.

आता एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा: झुरळं नुसती विकत आणायची की घरी वाढवायची? एकच लेपर्ड गेको असेल तर महिन्याकाठी एक डबी मागवणं पुरतं. डुबिया रातकिड्यांसारखी पटापट मरत नाहीत, त्यामुळे डबी महिनाभर सहज टिकते. वाढता बिअर्डेड ड्रॅगन किंवा तीन-चार प्राणी असतील, तरच घरची वसाहत परवडते.

वसाहत करायचीच असेल तर झाकणाचा, गुळगुळीत आतील बाजूंचा, अपारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा घ्यावा. झुरळांना अंधार लागतो. झाकणाला मोठं भोक पाडून त्यावर धातूची बारीक जाळी बसवावी. तळाला माती, भुसा काहीही नको.

आत अंड्यांचे पुठ्ठे उभे लावावेत. आडवे रचले की विष्ठा त्यांच्या खळग्यांत साचते, ओल धरते आणि बुरशी येते. उभ्या पुठ्ठ्यांवरून ती तळाला पडते, आणि सरड्याला घालायची झुरळं काढायची वेळ आली की एक पुठ्ठा उचलून बादलीत झटकला की काम झालं.

मग ऊब. प्रजननासाठी २८ ते ३३ अंश सेल्सियस तापमान चांगलं. डब्याच्या एका बाजूला हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लावावी आणि दुसरी बाजू थोडी थंड राहू द्यावी. झुरळं आपापली जागा शोधतात. चटई थर्मोस्टॅटला जोडलेलीच हवी. तापमान ठरलेल्या आकड्यावर पोचलं की हे उपकरण वीज आपोआप तोडतं. ते नसेल तर प्लास्टिक तापून वसाहत एका रात्रीत संपू शकते, आणि आगीचा धोका वेगळाच. “सगळं केलं, पण पिल्लंच होत नाहीत” अशी तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा मी आधी डब्यातलं तापमान विचारतो. हिवाळ्यात तळघर १८ अंशांवर असेल तर झुरळं जगतात, पण वाढत नाहीत.

खायला कोरडं आणि ओलं असं दोन्ही द्यावं. कोरड्यात ओट्स, गव्हाचा कोंडा, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य. ओल्यात गाजर, रताळं, संत्र्याच्या फोडी. संत्र्यावर ती अक्षरशः तुटून पडतात. पाण्याची उघडी वाटी ठेवू नये, लहान पिल्लं बुडतात. फळं-भाज्यांतून पाणी मिळतंच, किंवा पाणी शोषून फुगणारे जेलचे खडे मिळतात. ओलं खाणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढून टाकावं.

स्वस्तात भागवायला म्हणून काही जण कुत्र्या-मांजरांचं खाद्य घालतात. हे टाळलेलं बरं. प्रथिनं जास्त झाली की झुरळ त्यातला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात अंगात साठवतं, आणि असं झुरळ सतत खाणाऱ्या सरड्याला त्याचा त्रास होऊ शकतो.

नर-मादीचं प्रमाण एका नराला तीन ते पाच माद्या असं ठेवावं. नर जास्त झाले की आपसात भांडतात, एकमेकांचे पंख कुरतडतात. म्हणून जास्तीचे नर आधी सरड्याच्या ताटात जातात. पिल्लांतले नर-मादी ओळखणं कठीण असतं, ते प्रौढ झाल्यावर पंखांवरूनच कळतं.

यापुढचा टप्पा थांबण्याचा, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मादी अंडी घालून मोकळी होत नाही. कधी पुठ्ठा अलगद उचलल्यावर दिसतं: तिच्या पोटामागून फिकट पिवळी, आडव्या खाचांची कुपी हळूहळू बाहेर येते, हवेत जराशी फिरते आणि पुन्हा आत ओढली जाते. अंडी आतच उबतात आणि महिना-दोन महिन्यांनी साधारण २० ते ३० जिवंत पिल्लं बाहेर पडतात. तीन-चार मिलिमीटरची, पांढरीशुभ्र. काही तासांत ती गडद होतात. डब्यात मधूनच मोठंही पांढरं झुरळ दिसेल. ते आजारी नसतं, नुकतीच कात टाकलेलं असतं.

पिल्लू प्रौढ व्हायला चार ते सहा महिने लागतात. याचा सरळ अर्थ असा, की आज आणलेली वसाहत उद्या सरड्याचं पोट भरणार नाही. निदान पहिले सहा महिने रातकिडे किंवा विकतची झुरळं चालू ठेवावीत. पिल्लं दिसली म्हणून माद्या खाऊ घालायला सुरुवात केली की वसाहत बसलीच. व्याज खावं, मुद्दलाला हात लावू नये.

वसाहत वाढत असताना प्राण्याला सवय लावायचं काम सुरू करावं. मापाचा नियम सोपा: सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नको.

रातकिडा उड्या मारतो, म्हणून सरडा लगेच झेपावतो. डुबिया धोका दिसला की हातपाय आखडून गप्प पडतं, नाहीतर वाळूत, दगडाखाली शिरतं. सरड्याला हलणारी वस्तू कळते; गप्प पडलेलं झुरळ त्याच्या लेखी खडाच. त्यामुळे “आमच्या ड्रॅगनला झुरळ आवडत नाही” म्हणण्याआधी त्याला ते दिसलं तरी का, हे तपासावं.

गुळगुळीत, उभ्या कडांचं खोलगट भांडं पिंजऱ्यात ठेवून त्यात झुरळं सोडावीत. तिथे त्यांना लपायला जागा नसते आणि ती पळत राहतात. तरी दाद नाही दिली तर बोथट टोकाच्या चिमट्यात एक धरून सरड्यासमोर हलकेच हलवावं. झुरळ पाठीवर उलटं टाकलं तर पाय झाडतं, तेही कामी येतं. सुरुवातीला एका जेवणात एक झुरळ आणि बाकी रातकिडे असं मिश्रण ठेवून झुरळांचा वाटा वाढवत न्यावा.

हटवादी पण धडधाकट प्रौढ प्राणी काही दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाही. पिल्लाला मात्र उपाशी ठेवून वठणीवर आणू नये; त्याला त्या दिवशी रातकिडेच द्यावेत. वजन उतरत असेल किंवा शेपूट बारीक होत असेल तर प्रश्न झुरळाचा नाही, पशुवैद्य गाठावा.

उलटी चूकही होते. एका मध्यम डुबियात कितीतरी लहान रातकिड्यांइतका ऐवज असतो, आणि आपण मात्र जुन्याच संख्येने मोजून घालत राहतो. मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनचं मुख्य जेवण पालेभाजी आहे. रोज वाटीभर झुरळं चारली की तो महिन्याभरात लठ्ठ दिसू लागतो.

झुरळ रातकिड्यापेक्षा फार पौष्टिक, असा प्रचार विक्रेते करतात. माझ्या मते फरक त्यांच्या सांगण्याइतका नाही. दोन्ही किड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो, आणि तेवढ्यावर वाढणाऱ्या सरड्याची हाडं मऊ पडून वाकतात. म्हणून दोन गोष्टी चुकवू नयेत. खाऊ घालण्याआधी एक दिवस किड्यांना उत्तम पालेभाजी, गाजर भरपूर द्यावं. याला ‘गट-लोडिंग’ म्हणतात, म्हणजे किड्याच्या पोटातून सरड्याला जेवू घालणं. आणि पिशवीत कॅल्शियमची चिमूटभर भुकटी टाकून झुरळं त्यात हलवून घ्यावीत. वाढत्या पिल्लाला जवळजवळ रोज, प्रौढाला आठवड्यातून एक-दोनदा. बिअर्डेड ड्रॅगनला यूव्ही-बी दिवा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची जागा घेणारा दिवा, लागतोच. झुरळं आणली म्हणून तो सुटत नाही.

डब्याची साफसफाई फार वारंवार नको. दोन-तीन महिन्यांनी तळाची विष्ठा चाळून काढली की झालं. ती काळ्या मिऱ्याच्या भरडीसारखी दिसते आणि तिच्यात बारीक पिल्लं लपलेली असतात, म्हणून चाळणीखालचा भाग एका ताटात पसरून काही वेळ पाहत बसावं. हलेल ते पिल्लू. उरलेली कुंड्यांना खत म्हणून चालते. पांढुरके, धुळीसारखे सूक्ष्म किडे दिसले तर ओल फार झाली असं समजावं: ओलं खाणं काही दिवस बंद, झाकणावरचं जाळीचं भोक मोठं.

हे काम हातमोजे आणि मास्क लावून, शक्यतो बाहेर करावं. झुरळांच्या विष्ठेची आणि कातीची धूळ काहींना सोसत नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: वसाहत करू नये, लागतील तेवढीच विकत आणावीत. सरडा किंवा त्याचा पिंजरा हाताळल्यावर साबणाने हात धुणं तर कायमचंच, कारण या प्राण्यांच्या अंगावर सॅल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो.

प्राणी दुसऱ्याला दिला, घर बदललं किंवा हौस फिटली, तर झुरळं अंगणात सोडू नयेत. ओळखीत कोणी सरडेपाळे असतील तर ते आनंदाने नेतात. तेही नसेल तर पुठ्ठ्यांसकट सगळा ऐवज घट्ट बांधलेल्या पिशवीत दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवावा आणि मग कचऱ्यात टाकावा. पिशवीवर नाव मात्र ठळक लिहावं, नाहीतर मटार शोधायला गेलेल्या आजींना पुन्हा समजावत बसावं लागेल.