बारा व्होल्टचं घर

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये मुक्कामाला थांबलेला जाणता ड्रायव्हर केबिनमधला पंखा आणि टेप रात्रभर चालू ठेवत नाही. पहाटे सेल्फ मारल्यावर इंजिनाने नुसतं 'कट कट' केलं, तर बॅटरी बसली हे त्याला ठाऊक असतं, आणि मग दुसऱ्या गाडीची वायर जोडेपर्यंत खोळंबा होतो. कॅराव्हॅनच्या विजेचा पहिला धडा हाच आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटा काढून तिथे पलंग, ओटा, फ्रिज बसवणारी मंडळी आता नवी मुंबईतही भेटतात. सुतारकामावर ती महिनोन्महिने विचार करतात आणि वायरिंग मात्र 'वायरमन बघेल' म्हणून सोडून देतात. माझ्या मते क्रम उलटा हवा.

गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या लागतात. इंजिनाची बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते. तिच्यावर रात्रभर फ्रिज चालवला, ती पार रिकामी केली, असं चार-सहा वेळा झालं की ती कायमची कमजोर होते. घराची बॅटरी याच्या उलट, हळूहळू आणि बराच वेळ देणारी. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी हे काम करेल असं वाटतं, पण ती गाडीत ठेवू नका. खड्ड्यांत तिचं आम्लाचं पाणी हिंदकळतं आणि चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो. पलंगाखाली तो साठणं धोक्याचं आहे. सीलबंद लेड-ॲसिड किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी.

आता हिशेब. बॅटरीवरचा आकडा अँपिअर-अवरमध्ये असतो : १०० म्हणजे ५ अँपिअरने साधारण २० तास. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली तर आयुष्य घटतं, म्हणून १५० ची बॅटरी ७५ ची समजा. लिथियमची ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे १०० पैकी ९०.

खर्चाची बाजू बघू. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४ अँपिअर घेतो. निम्मा वेळ तो बंद असतो, तेव्हा दिवसभरात ४८. उन्हाळ्यात जास्तच. दीड अँपिअरचे दोन पंखे, आठ तास : २४. दिवे ५, मोबाइल-लॅपटॉप ८. बेरीज ८५. लेड-ॲसिडची ७५ ची शिल्लक एका दिवसात संपली, लिथियमची ९० जेमतेम पुरली. एसीचं नाव इथे काढलेलं नाही, कारण एक टनाचा एसी १२ व्होल्टवर १०० अँपिअरच्या आसपास ओढतो. ही बॅटरी तासभरही टिकायची नाही.

सगळ्यात जास्त चुका वायरमध्ये होतात. घरात २३० व्होल्टवर १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर घेते. तीच किटली गाडीत इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीतून १२५ हून जास्त अँपिअर निघतात. बॅटरीच्या बाजूला व्होल्ट कमी म्हणून शॉक बसत नाही हे खरं, पण बारीक वायर तापून वितळायला एवढा प्रवाह पुरेसा आहे. इन्व्हर्टरला ५० चौरस मिलिमीटरची जाड, आखूड केबलच हवी.

फ्रिजचंही तसंच. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरने तो बॅटरीपासून पाच मीटरवर जोडला, तर जाता-येता दहा मीटर तांब्यात सुमारे अर्धा व्होल्ट गळतो. बॅटरी १२.२ दाखवते, फ्रिजपाशी ११.७ पोचतात, आणि पहाटे बॅटरीत जीव असतानाही तो बंद पडतो. लोक बॅटरी बदलतात. बदलायची असते वायर : ६ चौरस मिलिमीटरची टाकली की गळती दशांश व्होल्टवर येते.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. तो वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. घरातली साधी एमसीबी इथे लावू नका. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसीमध्ये ती विझत नाही. आणखी एक : वाशी-उरण पट्ट्यात खाडीचा खारा वारा आहे, तांबं हिरवं पडतं. कलई केलेली तांब्याची वायर आणि टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हात, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

भरणा मुख्यतः चालत्या इंजिनातून. दोन्ही बॅटऱ्या साध्या रिलेने जोडण्याची जुनी पद्धत लिथियमला चालत नाही : ती अल्टरनेटरकडून झेपेल त्याहून जास्त ओढून त्याला तापवते. मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवा. ३० अँपिअरचा असेल तर खारघरहून दिवेआगरला पोचेपर्यंतच्या चारेक तासांत रिकामी बॅटरी भरते. छतावरचं २०० वॉटचं सोलर पॅनेल मे महिन्यात दिवसाला ५० अँपिअर-अवरच्या आसपास देतं. जुलैत भरून आलेल्या आभाळाखाली त्याच्या चौथाईवरही समाधान मानावं लागतं.

बॅटरीत किती उरलं हे लेड-ॲसिडमध्ये व्होल्टवरून कळतं, पण दोन-तीन तास विश्रांती दिल्यावर : १२.७ भरलेली, १२.२ निम्मी. लिथियम निम्मी असो वा बरीच भरलेली, १३.२ च्या आसपासच दाखवते. तिथे आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजणारा शंटवाला मीटरच लागतो.

पहिल्या सफरीआधी एवढं करा. बॅटरी पूर्ण भरा. शनिवारी संध्याकाळी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभी ठेवा, चार्जरची पिन काढा आणि रविवार संध्याकाळपर्यंत तिथेच राहा, झोपा, पंखे-फ्रिज लावा. मग मीटरवरचा आकडा वहीत लिहा. तो बॅटरीच्या वापरण्याजोग्या आकड्यापेक्षा जास्त आला, तर आधी बॅटरी वाढवा, मगच कोकणाची वाट धरा.