बी. रघुनाथांची अडकलेली दहा वर्षे

सेलू तालुक्यातल्या सातोन्यात १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत गेले. वय अवघे चाळीस. बांधकाम खात्यात कारकुनी करता करता या माणसाने मराठवाड्याच्या कवितेला आणि कादंबरीला स्वतःचा आवाज दिला.

१९५७चा कॉपीराइट कायदा म्हणत होता, लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे. म्हणजे १ जानेवारी २००४ पासून बी. रघुनाथ कुणीही छापावेत, नेटवर टाकावेत. तसे घडले नाही, कारण रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत होता. तो टिकावा म्हणून आधी वटहुकूम निघाला आणि १९९२ मध्ये संसदेने सगळ्यांचीच मुदत साठ वर्षे करून टाकली. शांतिनिकेतनासाठी केलेल्या सोयीत परभणीचा कवीही दहा वर्षे अडकला.

आणि वर्षे तरी कोणती? २००४ ते २०१३. याच काळात आपल्याकडे इंटरनेट कॅफेतून घरात आणि घरातून खिशात आले. ‘जगाला कळले पाहिजे’ ही कादंबरी हौसेने टंकून नेटवर ठेवणारा वाचक तेव्हा कायद्याने दोषी ठरला असता. वारसांना मोबदला मिळावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण दुकानात न मिळणाऱ्या पुस्तकावर कसला मोबदला?

२०१२च्या दुरुस्तीने अंधांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणायला मोकळीक दिली, हे फार चांगले झाले. मात्र नुसत्या लेखी तक्रारीवर नेटवरचा मजकूर एकवीस दिवस बंद ठेवण्याची तरतूदही तिच्यातलीच. न्यायालयाने काही म्हणण्याआधीच मजकूर गप्प होतो, हे मला मान्य नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने नवा प्रस्ताव मांडला: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना साहित्य वापरण्याचा सरसकट परवाना, बदल्यात लेखकांना स्वामित्वधन. कंपनी आणि लेखक यांचा विचार झाला, तसा वाचकाचाही व्हावा. निदान मुदत पुन्हा वाढू नये.

बी. रघुनाथांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०१४ पासून मोकळी आहेत. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा संग्रह त्यांच्यामागे, १९५५ साली आला; त्यात प्रथमच छापलेल्या कविता २०१६ पासून. परभणी, सेलू, जिंतुरात ज्यांच्या कपाटात जुन्या आवृत्त्या असतील, त्यांनी त्या स्कॅन करून मराठी विकिस्रोतावर चढवाव्यात. आता कुणाची परवानगी लागत नाही.