बाटलीतली नदी

मी पद्मनाभपूरहून बोलतोय, म्हणजे छत्तीसगडच्या दुर्ग-भिलाईतून. दुर्ग शहर शिवनाथ नदीचं पाणी पितं. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यात शिवनाथ होती. महाराष्ट्राचे ५३, देशात सर्वांत जास्त! यादी आली की आपण विचारतो, नदी किती खराब? आज मी विचारतो, हे कळलं कसं?

देशात ही तपासणी १९७८ पासून चालते. केंद्रं आता चार हजारांवर आहेत. नदीचा नमुना साधारणपणे महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घेतात. कुणी रात्री सांडपाणी सोडलं, तर सकाळच्या बाटलीत ते सापडेलच असं नाही. शेवाळामुळे पाण्यातला प्राणवायू दुपारी वाढतो, पहाटे तळाला जातो. कर्मचारी येतो अकराला, म्हणजे माशांची वाईट वेळ निघून गेल्यावर.

मग बाटलीचा प्रवास. प्राणवायूच्या नमुन्यात रसायनं काठावरच घालावी लागतात. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा. मे महिन्यात आमच्याकडे बर्फ टिकवून दाखवा! बीओडीचा नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा, मध्येच वीज गेली तर आकडा बिघडला.

पण खरी अडचण वेगळीच आहे. जे तपासलं नाही, ते सापडत नाही. शिवनाथच्याच वरच्या भागात, अंबागड चौकीजवळ कौडीकसा गाव आहे. तिथल्या भूजलात आर्सेनिक असल्याचं १९९०च्या दशकाअखेर उघड झालं. त्याला रंग नाही, चव नाही. पीएच, प्राणवायू, बीओडी सगळं उत्तम येईल आणि लोक विष पीत राहतील. शिवाय एक हातपंप वाईट, शेजारचा चांगला, असंही असतं. किती पंप तपासणार? जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणी किट वापरायला शिकवतात. मला हे पटतं, कारण त्या रोज तिथेच असतात. पण किट अंदाज देतं, पक्का आकडा प्रयोगशाळाच देते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांसाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. तुमचं हिरवं असेल तर छानच. तरी ग्रामपंचायतीत विचारा, नमुना कधीचा, कुठल्या विहिरीचा? आणि चंद्रपूर-यवतमाळकडचे असाल तर फ्लोराइड तपासलं होतं का, हेही विचारा.